आमची पूर्वाभिमुख सौरस्थापना

सूर्यनारायणाशी माझे संबंध गेली बावन्न वर्षे अखंड आहेत. रोज पहाटे स्नानानंतर तांब्याभर अर्घ्य आणि बारा नमस्कार, यात ना कधी पावसाळ्याने खंड पाडला, ना पडशाने. मोहगावात सूर्य आधी गुरुजींच्या गच्चीवर उगवतो आणि मग उरलासुरला गावाला मिळतो, असे आमचे शेजारी म्हणत. ते थट्टेने म्हणतात हे ठाऊक असूनही मी ते मान लववून स्वीकारीत असे. अशा या जुन्या स्नेह्याला घरच्या कामासाठी बोलावण्याची वेळ आली, तेव्हा मध्ये एखादा मिस्त्री कशाला, असे मला वाटले यात, वाचकहो, नवल ते काय!

काम असे होते. आमच्या अंगणातील विहिरीचे पाणी विजेच्या मोटरीने गच्चीवरील टाकीत चढते आणि तेथून घरातील नळांना उतरते. वीज गेली की मोटर बसते, मोटर बसली की टाकी कोरडी पडते, आणि टाकी कोरडी पडली की माझी धर्मपत्नी देवकाबाई दोर-बादली घेऊन विहिरीवर उभी राहते. तिशीत हे शोभून दिसे. आता तिने पासष्टी ओलांडली आहे, आणि नागपूरच्या डॉक्टरांनी तिच्या गुडघ्यांची छायाचित्रे उजेडात धरून बजावले आहे की, यापुढे बादली उचलाल तर वर्षाच्या आत काठी धराल. मी मदत करीत नसे असे मात्र कोणी समजू नये. ती पाणी ओढत असताना मी शेजारी उभा राहून 'सावकाश' असे म्हणत असे.

पौषातल्या एका सकाळी ती तिसरी बादली ओढून विहिरीच्या काठावरच बसली, आणि बराच वेळ उठली नाही. त्या क्षणी मी तिला शब्द दिला. म्हटले, "येत्या रथसप्तमीला सूर्याचा जन्मदिवस. त्या दिवसापासून तुला विहिरीवर यावे लागणार नाही. साक्षात सूर्य पाणी चढवील."

तिने पदराने घाम पुसला. "लाईनवाले बी असंच म्हणते जी. दहा मिनिटात लाईट आली म्हणते."

रथसप्तमीलाच तिचे हळदीकुंकू असते. म्हणजे माझा शब्द खरा होतो की नाही, हे पाहायला गावातील चाळीस सुवासिनी साक्षीला असणार होत्या. ही गोष्ट त्या वेळी मला प्रोत्साहक वाटली.

आमचा मुलगा प्रफुल्ल नागपुरास असतो. त्याने दूरध्वनीवरून एवढेच सांगितले की रामाकोना गावच्या संदीपला बोलवा, त्याने सौसर तालुक्यात चाळीसेक गच्च्यांवर उन्हावर चालणाऱ्या सौर फळ्या बसवल्या आहेत. संदीप माझा विद्यार्थी. सौसरच्या शाळेत मी एकतीस वर्षे संस्कृत शिकवले. त्यातील एक वर्ष हा मुलगा शेवटच्या बाकावर बसून छताच्या पंख्याकडे पाहत होता. मी विभक्ती शिकवीत होतो आणि तो पंख्याचा खडखडाट ऐकत होता. एक दिवस पंखा बंद पडला, त्याने बाकावर चढून तो सुरू केला, आणि बाकावर चढल्याबद्दल मी त्याला तासभर बाकावरच उभे केले. अशा मुलाने आता मला सूर्य कसा बसवावा हे शिकवायचे!

तरी तो आला. पाया पडला, गच्ची पाहिली आणि नम्रपणे चार गोष्टी सांगितल्या. फळ्या लोखंडी सांगाड्यावर बसवायच्या, सांगाडा गच्चीत पक्का करायचा, फळ्यांचे तोंड दक्षिणेकडे थोडे उताणे ठेवायचे, आणि मध्ये एक खटका बसवायचा.

दक्षिण आणि लोखंड हे दोन शब्द एका श्वासात ऐकून माझ्या अंगावर काटा आला. दक्षिण ही यमाची दिशा आणि लोखंड हा शनीचा धातू. दोघेही सूर्याचेच पुत्र, आणि शनीचे तर वडिलांशी जन्मापासून वैर. एका मुलाकडे तोंड करून दुसऱ्या मुलाच्या खांद्यावर बापाला बसवायचे, आणि त्याने प्रसन्न होऊन आमच्या टाकीत पाणी चढवायचे! संसारी माणसाला एवढे तरी कळावे.

मी हे सर्व संदीपला सविस्तर समजावले. त्याने शेवटपर्यंत ऐकले. शाळेत ऐकले नव्हते इतके ऐकले. मग म्हणाला, "गुरुजी, सूर्य निंगते पूर्वेकून हे बराबर हाये. पण दिवसभर रायते दक्षिणेच्या अंगानं. आपल्याले दिवसभराचं पाणी पायजे न?"

"पाहुण्याचे स्वागत पुढच्या दारात करतात संदीप, परसदारी नव्हे," मी म्हणालो.

हा वाद मी जिंकला, असे मी मानले. काही अडले तर फोन करा म्हणून तो निघून गेला. जाताना त्याने देवकाबाईकडे पाहिले आणि देवकाबाईने त्याच्याकडे पाहिले. त्या दृष्टिभेटीचा अर्थ मी लावला नाही.

दुसऱ्याच दिवशी मी पांढुर्ण्याच्या बाजारातून सर्व साहित्य आणले. चार काळ्याभोर काचेच्या फळ्या, विहिरीवर बसवायचा लहानसा पंप, एक पेटी, तारांची वेटोळी आणि तो खटका. बॅटरी नाही, विजेशी संबंध नाही. ऊन पडले की पंप चालणार, ऊन सरले की थांबणार. ही योजना मला फारच सात्त्विक वाटली. तारांच्या टोकांना अशी बोंडे होती की भलत्या जागी ती शिरतच नसत. जोडणी एकदाही चुकली नाही, याचे श्रेय मी तेव्हा स्वतःकडे घेतले.

राहिला प्रश्न बैठकीचा. लोखंड वर्ज्य, म्हणून आमचे जुने सुतार गुणवंता यांना बोलावले आणि सागवानी तिकाटण्या करावयास सांगितल्या. त्यांनी माप विचारले. आता उभ्या आयुष्यात मला एकच तिकाटणी परिचित होती, शाळेतील फळ्याची. तिचेच मी वर्णन केले. चार दिवसांत गच्चीवर चार फळे ओळीने पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले, जणू सूर्य उगवताच त्यावर काही लिहिणार होता. लोखंडी खिळा एकही नाही. सर्व सांधे सुती दोराने आवळलेले. गुणवंता खाली उतरून लांबून पाहत राहिले.

"गुरुजी, थोडे लयच उभे होऊन राह्यले," ते म्हणाले. "वारं आलं तं?"

सूर्याच्या रथाला चाक एकच, सारथ्याला मांड्याच नाहीत, रस्त्याला आधार नाही, तरी तो रोज आकाश पार करतो. तेथे माझ्या चार तिकाटण्यांना काय धाड भरणार होती? हे ऐकून गुणवंता यांनी रंधा पिशवीत घातला आणि ते चालते झाले.

आणखी दोन गोष्टी केल्या, त्या येथेच कबूल करतो. पहिली म्हणजे खटका बसवला नाही. सूर्याला 'पुरे' म्हणणारा खटका मनुष्याने भिंतीवर लावावा आणि येता-जाता तो कोणीही खाली पाडावा, हा अविनय मला सहन होईना. तो खटका मी फडताळात ठेवून दिला. दुसरी गोष्ट अशी की विहिरीवरची जुनी मोटर काढून बोरगावच्या एका ओळखीच्या गोशाळेस दान केली. एका विहिरीवर दोन धनी नकोत, आणि नवा धनी आल्यावर जुन्याला ताटकळत ठेवणे हेही बरे नव्हे.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी सकाळी आठ वाजता पूर्वेच्या संत्र्यांच्या बागेवरून ऊन थेट फळ्यांवर आले आणि विहिरीवर पंप गुणगुणू लागला. पाणी चढले! देवकाबाईने स्वयंपाकघरातील नळ उघडला, धारेखाली हात धरला, आणि तशीच उभी राहिली.  मग पदराने गुडघा उगाच एकदा झटकला आणि भाजी धुवायला घेतली. मला बावन्न वर्षांच्या उपासनेचे फळ मिळाले. दहा वाजेपर्यंत टाकी भरली, आणि अकरा वाजेपर्यंत मोहगावात असा एकही ओटा उरला नाही जेथे बसून मी ही हकीकत सांगितली नाही. दुपारी पंप चालतो की नाही हे पाहण्याचे कारणच नव्हते. मी गावात सांगत फिरत होतो.

दुसरा दिवस उजाडला. मी चारही फळ्यांवर चंदनाने नाममुद्रा रेखली, कुंकवाची स्वस्तिके काढली, आणि तांब्याऐवजी घागरभर अर्घ्य दिले. अर्घ्य फळ्यांवरून ओघळून दोरांत मुरले. ओला सुती दोर आवळतो आणि वाळला की सैल पडतो, हे आमच्याकडील कोणताही शेतकरी सांगेल. मी कोणाला विचारले नाही.

पाण्याची ददात मिटली म्हटल्यावर घरात नुसती उधळण सुरू झाली. अंगण दोनदा धुतले, पितळेची सर्व भांडी घासली, सतरंज्या धुतल्या, आणि शेजारच्या सुचिता वहिनींकडूनही त्यांच्या परकऱ्या लेकींचे धुणे मोठ्या मनाने मागवून घेतले. बारा वाजता टाकीने तळ दाखवला. मी निश्चिंत होतो. डोक्यावर सूर्य होता.

साडेबारा झाले. पंप गप्प. एक वाजला. पंप गप्प. मी गच्चीवर गेलो तेव्हा माझे टक्कल भाजत होते, आणि फळ्या मात्र स्वतःच्याच सावलीत थंडगार उभ्या होत्या. सूर्य सरकून त्यांच्या पाठीमागे गेला होता, वर्गातल्या शेवटच्या बाकावर बसावे तसा, आणि पूर्वेकडे टक लावून बसलेल्या माझ्या चारही फळ्यांना त्याचा पत्ता नव्हता. सकाळी पुढच्या दारात स्वागत झाले खरे. पण पाहुणा दिवसभर परसात बसणार होता, हे संदीपने सांगितले होते.

तीन वाजता बायका येऊ लागल्या. अंगणात सतरंज्या पसरल्या होत्या, तिळगुळाच्या वाट्या मांडल्या होत्या, चहाचे पातेले चुलीवर कोरडे होते, आणि पिण्याच्या पाण्याचा एक पेला घरात नव्हता. पूर्वी वीज आली की तरी पाणी येत असे. आज वीज दिवसभर होती. मोटर गोशाळेत होती.

देवकाबाई जांभळी काठपदराची साडी नेसून बाहेर आली. चाळीस जणींसमोर तिने कोपऱ्यातली बादली उचलली, पदर खोचला आणि विहिरीकडे चालू लागली. प्रत्येक पावलाला तिचा हात मांडीवर टेकत होता. मी दिलेला शब्द तिच्यामागून लंगडत चालला होता.

त्या क्षणी तिच्या हातातून बादली घेणे हा एक मार्ग होता. मला तो दिसला नाही. मी म्हणालो, "पाचच मिनिटे थांब, मी सूर्याकडे पाहून येतो," आणि गच्चीवर धावलो.

माझा विचार असा, की चारही तिकाटण्या मागून ढकलून पश्चिमेकडे वळवाव्या. पहिलीला हात लावला. दोर भर दुपारच्या उन्हाने खडखडीत वाळले होते. तिकाटणीचे मागचे पाय पसरले, आणि फळी अतिशय संथपणे, शास्त्रोक्त रीतीने, पाठीवर आडवी झाली. तिच्या तारेने दुसरीला ओढले, दुसरीने तिसरीला, तिसरीने चौथीला. चौघी ओळीने शवासनात. काच एकीचीही फुटली नाही. एवढेच झाले की चौथीच्या लाकडी पायाने टाकीत सोडलेल्या पाण्याच्या नळीला लाथ मारली, आणि नळीचे तोंड टाकीतून निघून गच्चीच्या कठड्यावर, अंगणाच्या दिशेने जाऊन विसावले.

 मग खाली विहिरीवर काहीतरी गुणगुणले.

फळ्या उताण्या पडल्या होत्या आणि आकाशात तीनचे ऊन होते. पंप चालू झाला होता! नळी थरथरली, एक उचकी दिली, आणि मनगटाएवढी धार कठड्यावरून थेट अंगणात कोसळली. मी आनंदाने कठड्याशी जाऊन ओरडलो, "आले! देवका, पाणी आले!"

खालून जो आवाज आला तो सूर्याच्या जयजयकाराचा नव्हता. चाळीस सुवासिनी सतरंज्यांवरून उठल्या होत्या; हळद आणि कुंकू एकमेकांत मिसळून अंगणभर एक नवाच रंग वाहत होता, आणि तिळगुळाचे लाडू त्यातून ओळीने फाटकाकडे निघाले होते. देवकाबाई विहिरीच्या काठावर, रिकामी बादली हातात धरून, वर पाहत होती. ती एकटीच तेवढी कोरडी होती.

"बंद करा जी," ती म्हणाली. ओरडली नाही. म्हणूनच मला भीती वाटली.

बंद कशाने करणार? मी संदीपला फोन लावला.

"खटका पाडा गुरुजी."

"खटका बसवला नाही."

त्याने कारण विचारले. "काहून?"

विद्यार्थ्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर माहीत असून देता येऊ नये, असा प्रसंग एकतीस वर्षांत आला नव्हता. मी म्हणालो, "ते नंतर सांगतो. आता काय करू?"

"मंग फळ्याईवर काही टाका. गोधडी, चादर, जे सापडन ते. उजीड तोडा, पंप बसते."

रथसप्तमीच्या दिवशी सूर्याच्या तोंडावर पांघरूण! मी कठड्यावरून घोंगडी मागितली. देवकाबाईने सुचिता वहिनींच्या हाती काहीतरी वर पाठवले. त्या माझ्या सत्काराच्या शाली होत्या. निवृत्तीपासून मिळालेल्या, डांबराच्या गोळ्यांत घडी करून ठेवलेल्या, सातही. एकेक सन्मान मी स्वतःच्या हाताने उलगडला आणि फळ्यांवर पसरला. चौथी फळी झाकली तशी खालची गुणगुण मावळली. नळीतून शेवटचे दोन थेंब ठिबकले.

सुचिता वहिनी हे सर्व शांतपणे पाहत होत्या. त्या पुढे झाल्या, कठड्यावरची नळी उचलली, टाकीच्या तोंडात परत घातली आणि माझ्याकडे वळल्या.

"गुरुजी, आता काढू का शाली?"

नळी उचलून टाकीत घालावी, ही गोष्ट मला सुचली नव्हती. मी संस्कृतात सुवर्णपदक मिळवलेले आहे.

शाली काढल्या, पंप लागला, आणि साडेचारपर्यंत टाकी निम्मी भरली. चहा झाला. बायकांनी ओल्या पदरांनी एकमेकींना पुन्हा हळदीकुंकू लावले, आणि यंदा गुरुजींच्या घरी अंघोळ वाणात मिळाली, असे म्हणत हसत घरी गेल्या. मी गच्चीवरून उतरलो नाही. दिवेलागणीला देवकाबाई जिन्याच्या तळाशी आली. तिला वर चढवत नव्हते.

"जेवाले या," ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, "त्या पडल्या तवा पाणी आलं जी. उभ्या होत्या तवा नाई आलं. मंग पडूच द्या न. संदीपले सांगा, जशा पडल्या तशाच बसव म्हनाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी संदीप आला. सांगाडा लोखंडी. तोंड दक्षिणेकडे, थोडे उताणे. दुपारी बारापर्यंत काम संपले. त्याने मला एकही बोल लावला नाही. फक्त खटका मागितला, मी तो फडताळातून काढून दिला, आणि त्याने तो भिंतीवर माझ्या हाताला येईल अशा उंचीवर बसवला. मग विचारले, "गुरुजी, मुहूर्त पायता का?" मी म्हणालो, "खटका वर करा." तो हसला नाही. या संयमाला मी जितके गुण दिले असते, तितके शाळेत त्याला कधी दिले नव्हते.

आता सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत पंप चालतो. यम आणि शनी दोघेही वडिलांची उत्तम सेवा करीत आहेत, असे दिसते; दोष त्यांच्या स्वभावात नसून माझ्या समजुतीत होता. विहिरीवरचा दोर देवकाबाईने गुंडाळून खुंटीला टांगला. महिन्याभरात ती फाटकापर्यंत मांडीवर हात न टेकता जाऊ लागली, आणि परवा तर सुचिता वहिनींबरोबर बाजारातही जाऊन आली.

निघताना संदीप एक गोष्ट सांगून गेला होता. आमच्या भागात धूळ फार. दर आठ दिवसांनी, ऊन चढण्यापूर्वी, फळ्या धुतल्या पाहिजेत, नाहीतर पाणी कमी पडेल. गच्चीवर नळ नाही. पिण्याच्या टाकीत बादली बुडवायची नाही, हा देवकाबाईचा दंडक, आणि टाकीचे पाणी खालीच उतरते. ते वर न्यायचे तर बादलीने, बावीस पायऱ्या चढून.

"त्याईले जमन," देवकाबाईने संदीपला माझ्यादेखत सांगितले.

तेव्हापासून दर रविवारी पहाटे मी दोन बादल्या घेऊन बावीस पायऱ्या चढतो, चार फेऱ्या. रस्त्याने जाणारे विचारतात, गुरुजी, हे नवे व्रत कोणते? मी सांगतो, सूर्योपासनेचे एक अंग आहे. ते हात जोडून पुढे जातात. अंगणात खुर्ची टाकून, पाय लांब करून, चहा पीत बसलेली देवकाबाई खालून वर पाहते आणि म्हणते, "सावकाश जी."

आणि मग थोड्या वेळाने, "डावीकडची राह्यली."